वाऱ्याचं माप

सोन्याचा भाव पुण्यात एक आणि मुंबईत दुसरा, हे आपण समजू शकतो. सोनाराला बायकामुलं असतात. दुधाचं मापटं गवळ्यागणिक लहानमोठं होतं, हेही आपण धरून चालतो. शिंप्याची टेप, रिक्षाचं मीटर, स्थळ सांगून येताना सांगितलेली मुलाची उंची, या सगळ्या मापांत थोडं इकडेतिकडे व्हायचंच. पण वारा? वाऱ्याला ना गिऱ्हाईक, ना दुकानदार. तेव्हा निदान वाऱ्याचं माप तरी दुनियेत सगळीकडे सारखं असेल, असं कुठल्याही सरळमार्गी माणसाला वाटणार.

आमचे मेहुणे सरळमार्गी आहेत. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे दोन वह्यांतले आकडे जुळले नाहीत, की त्यांना जेवण जात नाही. २०२० सालच्या मे महिन्यात सगळा देश घरात कोंडून बसला होता आणि मेहुण्यांना जुळवायला आकडे मिळत नव्हते. अशात बंगालच्या उपसागरात 'अम्फान' नावाचं चक्रीवादळ उठलं. आपल्या हवामान खात्याने सांगितलं, वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटर, महाचक्रीवादळ. तिकडे हवाई बेटावर पर्ल हार्बरला अमेरिकन सैन्याचं एक वादळ-केंद्र आहे. ते आपल्या जहाजांसाठी आणि विमानांसाठी प्रशांत आणि हिंदी महासागरांतल्या वादळांवर नजर ठेवतं. त्याने सांगितलं, अडीचशेच्या वर, पाचवा वर्ग, म्हणजे सगळ्यांत वरचा.

झालं. मेहुण्यांचा फोन आला. "ऐकलंत का? एकाच वादळाचे दोन आकडे! यातला एक कोणीतरी खोटा असला पाहिजे." सकाळी ते राष्ट्राभिमानी असत, तेव्हा अमेरिकन लोक फुगवून सांगत. संध्याकाळपर्यंत त्यांचा राष्ट्राभिमान थकून जाई, मग आपलं खातं हात राखून सांगे. तिसरीही एक शक्यता आहे, ती म्हणजे दोघंही खरं बोलत असावेत, हे त्यांना पटवताना माझे फोनचे किती पैसे गेले असते, देव जाणे. सुदैवाने आता फोनला तसे पैसे पडत नाहीत.

गंमत अशी, की वारा सरळ वाहतच नाही. तो कीर्तनकारासारखा असतो. मध्येच चढतो, मध्येच उतरतो, मध्येच श्वास घेतो. आता अशा वाऱ्याचा वेग किती म्हणायचा? मग ठरावीक वेळाची सरासरी काढतात. आणि इथेच पंक्ती वेगळ्या बसतात. जागतिक हवामान संघटनेची शिफारस आहे दहा मिनिटांच्या सरासरीची. जपान आणि ऑस्ट्रेलिया ती पाळतात. अमेरिका एक मिनिटाची सरासरी घेते. चीन दोन मिनिटांची. आणि आपण भारतीय, दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसायची आपली जुनी सवय, आपण तीन मिनिटांची घेतो. जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा, म्हणजे तीन मजली चाळीच्या गच्चीइतका वरचा, मोकळ्या जागेतला वारा मोजायचा, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

मेहुण्यांना मी क्रिकेटमधून समजावलं. समजा आपल्या संघाने पन्नास षटकं दणकून फलंदाजी केली. त्यातलं सगळ्यांत चांगलं एकच षटक काढलं, तर त्यात बावीस धावा. लागोपाठची सगळ्यांत चांगली तीन षटकं घेतली, तर षटकामागे सोळा. लागोपाठची दहा घेतली, तर षटकामागे दहा. संघ तोच, मैदान तेच, मार तोच. अमेरिकन माणूस सांगणार बावीस, आपण सांगणार सोळा, जपानी सांगणार दहा. यात खोटं कोण बोललं? आणि तो मधलाच एखादा षटकार, तो म्हणजे वाऱ्याचा झोत. तीनच सेकंदांचा असतो, पण कौलं तोच घेऊन जातो.

"म्हणजे भागाकाराचा प्रश्न आहे," मेहुणे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम निवळला. भागाकार म्हटल्यावर ते घरच्यासारखे झाले. "मग कोष्टक असेल की!"

कोष्टक आहे. समुद्रावरच्या वाऱ्यासाठी पूर्वी असं धरत, की एक मिनिटवाल्यांचे शंभर म्हणजे दहा मिनिटवाल्यांचे अठ्ठ्याऐंशी. पुढे २०१० साली जागतिक हवामान संघटनेने नवी मार्गदर्शिका काढली आणि अठ्ठ्याऐंशीचे त्र्याण्णव केले. म्हणजे कोष्टकाचाही भाव बदलतो. तरी शंभराला सातचाच फरक, आणि एक मिनिट आणि तीन मिनिटं यांच्यात तर त्याहून थोडा. क्रिकेटमध्ये मी तो जरा वाढवून सांगितला होता, पण मेहुण्यांना समजावताना तेवढं तिखटमीठ लागतं.

मुळात वारा आकड्यात मोजायची हौस फार जुनी नाही. १८०६ सालच्या जानेवारीत फ्रान्सिस ब्यूफर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत वाऱ्याचे नंबर लावले. जवळ यंत्र नव्हतं. जहाज होतं. मग त्याने वाऱ्याला विचारलंच नाही, शिडांना विचारलं. वारा अगदी पडलेला असला, तर शून्य. अमुक इतकी शिडं लावता येतात, तर इतका नंबर. जसा वारा वाढेल तशी शिडं उतरवत जायची. बारावा नंबर म्हणजे कुठलंच शीड टिकत नाही, तो. १८३८ साली ब्रिटिश आरमाराने हे माप अधिकृत केलं. वाऱ्याचा वेग त्यात कुठेच नव्हता, त्या वाऱ्यात आपलं काय होणार एवढंच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'सायक्लोन' हा शब्द तर आपल्याच कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या साहेबाने १८४८ साली वेटोळं घातलेल्या सापावरून, ग्रीक भाषेतून तो उचलला. पुढे १८६४ साली त्याच कलकत्त्याला एका चक्रीवादळाने झोडपलं, तेव्हा सरकार जागं झालं आणि १८७५ मध्ये हवामान खातं निघालं. खात्याचं मुख्य ऑफिस सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि पुढे दिल्लीला गेलं. पुण्यात मात्र शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. पुण्यात नवखा आलेला माणूस 'सिमला ऑफिस' ऐकून आधी स्वेटर शोधतो. हवामानाच्या बाबतीत दिशाभूल करायची परंपरा खात्याची नाही हो, ती आम्हा पुणेकरांची आहे.

तर नुसते आकडे वेगळे असते, तरी कोष्टकाने भागलं असतं. पण आकड्यांवर प्रत्येकाने आपापली शिडी उभी केली आहे आणि पायऱ्यांना नावं दिली आहेत. आपल्याकडे वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला, की 'चक्रीवादळ'. ८९ ला 'तीव्र'. ११८ ला 'अतितीव्र'. १६५च्या पुढे 'अत्यंत तीव्र', ही पायरी २०१५ साली नव्याने घातली. आणि २२०च्या पुढे महाचक्रीवादळ. या सगळ्यांच्या खाली 'डिप्रेशन' आणि 'डीप डिप्रेशन' आहेत. ती मात्र घरोघरी असतात, त्यांना समुद्र लागत नाही.

विशेषणांवर उभी असलेली शिडी म्हणजे मिसळीचं हॉटेल. 'मध्यम तिखट' म्हणजे काय, हे पुण्यात विचाराल तर एक उत्तर आणि कोल्हापुरात विचाराल तर डोळ्यांतून पाणी. म्हणून अमेरिकनांनी विशेषणं टाळली. सॅफिर नावाचे एक इंजिनिअर आणि सिम्पसन नावाचे हवामानतज्ज्ञ, दोघांनी मिळून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एक ते पाच असे वर्ग पाडले. शाळेसारखे. पहिली, दुसरी, तिसरी. ऑस्ट्रेलियाचेही वर्ग एक ते पाचच. आता हे एकच झालं, असं वाटून तुम्ही सुस्कारा सोडाल, तर थांबा. अमेरिकेत पहिलीत प्रवेश मिळायला वाऱ्याला ताशी ११९ किलोमीटर लागतात. ऑस्ट्रेलियात साधारण ६३ ला पहिलीत घेतात, आणि अमेरिकेतला पहिलीचा विद्यार्थी तिथे तिसरीत बसतो. वादळाने समुद्र ओलांडून शाळा बदलली, तर दाखल्यावर काय लिहायचं?

हे सगळं ऐकून मेहुणे म्हणाले, "पण मोजमाप तरी नीट होतं ना? तिथे यंत्र असेलच." यंत्राची गोष्ट तर आणखी करुण आहे. वारा मोजायच्या यंत्राची अडचण अशी, की ऐन मोक्याला पहिलं तेच उडून जातं. तंटा बघायला ठेवलेला साक्षीदार तंट्यात पहिला मार खातो, तसं. त्यातून एखादं टिकलं, तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला बॅरो नावाचं बेट आहे. तिथे १० एप्रिल १९९६ रोजी 'ऑलिव्हिया' वादळात एका यंत्राने ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदवला. जगात त्याआधीचा विक्रम होता ३७२ चा, अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवरचा, १९३४ सालचा. पण बॅरो बेटाच्या आकड्याला विक्रम म्हणून मान्यता मिळाली थेट २०१० साली. चौदा वर्षं त्या बिचाऱ्या यंत्राची पेन्शनची फाईल अडकल्यासारखी अडकली होती.

आणि भर समुद्रात यंत्र लावायचं कुठे? अमेरिकन लोक अटलांटिकमधल्या वादळांत विमानं घालतात. आत शिरून वारा मोजून आणतात. आपल्या समुद्रांत असा नियमित रिवाज नाही. प्रशांत महासागराच्या पश्चिम भागातही तो १९८७ सालापासून बंद झाला. मग उरतो उपग्रहाचा फोटो. व्हर्नन ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात अशी पद्धत बसवली, की वादळाचा फोटो बघायचा, ढगांचं वेटोळं किती घट्ट आहे, मधला डोळा किती स्वच्छ दिसतो, हे पाहायचं आणि एक ते आठपर्यंत, अर्ध्या अर्ध्या गुणाच्या हिशेबाने मार्क द्यायचे. त्या मार्कांवरून वाऱ्याचा वेग. थोडक्यात, फोटो बघून स्थळाचा स्वभाव ओळखायचा. आणि सांगायला नवल वाटतं, ही पद्धत पुष्कळदा बरोबर येते. फोटोवरून ठरलेली आमच्या पिढीची लग्नं तरी कुठे मोडली?

पण फोटो एकच असला तरी बघणाऱ्या आत्या दोन असतात. एक म्हणते सात मार्क, दुसरी म्हणते साडेसात. वरच्या टोकाला हा अर्धा मार्क म्हणजे ताशी अठ्ठावीस किलोमीटरचा फरक. शिवाय मार्कांचे किलोमीटर करायचं जपानचं कोष्टक वेगळं. २०१३ सालच्या नोव्हेंबरमध्ये फिलिपाईन्सवर 'हैयान' वादळ आलं. जपानने सांगितलं ताशी २३०, अमेरिकन केंद्राने सांगितलं ३१५. मेहुण्यांनी ताबडतोब कागद घेतला. ३१५ चे त्र्याण्णव टक्के म्हणजे २९३. "भागाकार करूनही त्रेसष्टचा फरक उरतो!" ते जवळजवळ ओरडलेच. उरणारच. तो फरक मिनिटांचा नव्हता, फोटो बघणाऱ्यांचा होता. आणि २३० काय किंवा ३१५ काय, प्रत्यक्ष पट्टी लावून कोणीच मोजलेले नव्हते. मुळात हे अंदाज पाच-पाच नॉटच्या पटीत बांधतात. एक नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्याचे किलोमीटर करून आपण वाचतो, तेव्हा आकडा सोनाराच्या तराजूतून उतरल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो भाजीवाल्याने मूठभर कोथिंबीर वर टाकून दिलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, असेना का फरक. शास्त्रज्ञांना भांडू द्या. आपल्याला काय करायचंय? पण त्याच टॅक्लोबान गावात, हैयानच्या दिवशी, लोकांना वारा किती हे माहीत होतं. फिलिपाईन्सच्या खात्याने समुद्र चढेल असंही सांगितलं होतं. त्यासाठी जो इंग्रजी शब्द वापरला, 'स्टॉर्म सर्ज', तो पुष्कळांना कळलाच नाही. वाऱ्यासाठी घरं घट्ट बांधून माणसं आत बसली आणि समुद्र घरात आला. त्या वादळात सहा हजारांवर माणसं गेली. 'त्सुनामी येतेय' म्हटलं असतं तर लोक पळाले असते, अशी हळहळ मागाहून झाली. २००८ साली म्यानमारमध्ये 'नर्गिस' आलं. आपल्या शिडीवर ते महाचक्रीवादळ नव्हतं, 'अतितीव्र'च होतं. इरावतीच्या सखल मुखाशी पाणी आत शिरलं आणि लाखाच्या वर माणसं गेली. वाऱ्याच्या शिडीला पाण्याची पायरीच नाही. सॅफिर-सिम्पसन शिडीवर पूर्वी प्रत्येक वर्गापुढे समुद्र किती चढेल याचा आकडा असायचा. तो फसवा निघतो म्हणून २०१० साली काढूनच टाकला. हे माप फक्त वाऱ्याचं, असं त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं. हे सांगितलेलं ऐकतो कोण? आपण वर्गाचा नंबर ऐकतो आणि मनातल्या मनात पास-नापास ठरवतो.

आपल्याकडचंच बघा. २००९ सालच्या नोव्हेंबरात 'फयान' आलं. शिडीवरची अगदी पहिली पायरी, नुसतं 'चक्रीवादळ', मागेपुढे विशेषणसुद्धा नाही. कोकणातले समुद्रावर गेलेले कितीतरी मच्छीमार त्या बिनविशेषणाच्या वादळातून परत आले नाहीत.

उलट ओडिशाचं पाहा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ साली पुरीजवळ 'फनी' आलं. आपल्या खात्याने त्याला महाचक्रीवादळ म्हटलं नाही, एक पायरी खाली ठेवलं. अमेरिकन केंद्राने मागाहून हिशेब करून त्याला पाचव्या वर्गात बसवलं. हा वाद तज्ज्ञांच्या कागदांत अजून सुखाने नांदत असेल. पण वादळ येण्याआधी ओडिशाने सुमारे बारा लाख माणसं उचलून सुरक्षित जागी नेली होती आणि राज्यातल्या मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला. ज्यांना हलवलं, त्यातल्या एकाही म्हातारीने 'ही सरासरी किती मिनिटांची?' असं विचारलं नसणार.

अम्फान २० मे २०२० ला बंगालच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा त्याचा वेग १५५ ते १६५ वर आला होता. २४० हा भर समुद्रातला आकडा, माशांसाठी. पण मेहुण्यांच्या वहीत तोच राहिला. बरोबर दोन आठवड्यांनी, ३ जूनला, किनाऱ्यावर पोचायच्या हिशेबाने 'निसर्ग' अलिबागच्या रोखाने निघालं. अंदाज होता शंभर ते एकशेदहा किलोमीटरचा, झोत एकशेवीसचे. आमची आत्या श्रीवर्धनच्या बाजूला राहते. घरामागे नारळ-सुपारीची बाग. मेहुण्यांनी तिला फोन लावला, मलाही त्यात जोडून घेतलं. "आत्याबाई, काळजी करू नका. अम्फान दोनशेचाळीस होतं, हे एकशेदहाच आहे. निम्म्याहून कमी!"

आत्या म्हणाली, "जावईबापू, तुमचं ते अम्फान माझ्या बागेत आलं होतं का?"

मेहुणे गप्प. आत्या पुढे म्हणाली, "मला आकडा नको. वारा कुठल्या अंगाने धरणार ते सांगा. आणि खाडीचं पाणी कुठवर चढेल ते सांगा. भरतीच्या वेळेला येणार की ओहोटीला?"

या बाईने ब्यूफर्टचं नावही ऐकलेलं नाही, पण प्रश्न त्याच्याच जातीचा होता. वारा किती, हे नव्हे. त्या वाऱ्यात माझं काय होणार? तिच्या लहानपणी बंदरावर बावटा लागायचा. दिवसा काठीवर चढवलेल्या खुणा, रात्री लाल-पांढरे कंदील. 'तीन नंबरचा बावटा लागलाय' म्हटलं, की होडी पाण्यात घालायची नाही, एवढंच माणसं समजत. बावट्याला सरासरी नसते. त्याच्यावर वाद घालता येत नाही.

त्या संध्याकाळी मी मेहुण्यांना आणखी एक हिशेब दिला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तेव्हा आत्याच्या बागेची तुलना बंगालशी करू नका, तिच्या रोजच्या वाऱ्याशी करा. पावसाळ्यात ताशी चाळीसचा वारा तिथल्या माडांना सवयीचा आहे. एकशेदहाचा दाब त्याच्या साडेसात पट. मेहुण्यांनी वही उघडली, गुणाकार केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आत्याला पुन्हा फोन केला आणि शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसायला सांगितलं. ती दुपारीच गेली होती. जाताना गाय सोडून, लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली ठेवून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ किनाऱ्यावर चढलं. आपल्या शिडीवर 'तीव्र', म्हणजे खालून दुसरी पायरी. संध्याकाळी आत्या परत आली, तेव्हा घराचे कौल अंगणात होते आणि सुपारीची बाग कोणीतरी भांग पाडल्यासारखी एका अंगाला झोपली होती. वीज यायला कित्येक आठवडे लागले. फोन लागला तो चौथ्या दिवशी. पहिली पाच मिनिटं ती गाईविषयीच बोलली. गाय सुखरूप होती.

फिलिपाईन्सने २०२२ साली आपली शिडी बदलली. 'सुपर टायफून'ची पायरी पूर्वी ताशी २२०च्या वर होती, ती १८५ वर आणली. वारा वाढला नव्हता, माणसांचा अनुभव वाढला होता. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. शिडी वाऱ्याची नसतेच, ती खाली उभ्या असलेल्या माणसांची असते. म्हणून ज्याच्या किनाऱ्यावर वादळ यायचं, त्याने आपल्याच खात्याची शिडी पाहावी. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात ती दिल्लीची. या भागातल्या तेरा देशांना तीच सूचना देते. आपला बावटा, आपला कलेक्टर, मच्छीमारांना परत बोलावणारा आपला रेडिओ, सगळे त्याच पायऱ्या मोजतात. दुसऱ्याच्या शिडीवरचा आकडा घेऊन आपल्या पायरीवर पाय ठेवला, की माणूस मधल्या हवेत पडतो. अमेरिकेचा 'पहिला वर्ग' ऐकून पाचातला एकच म्हणून पंखा लावून झोपणारे महाभाग मी पाहिले आहेत.

बंदराच्या बावट्यांचे एकूण अकरा नंबर आहेत. एक-दोन म्हणजे वादळ लांब आहे. तीन-चार म्हणजे इथेच हवा बिघडणार आहे. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. आणि अकरावा? अकरावा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, तिकडून काही कळत नाही, पण इथल्या अधिकाऱ्याच्या मते लक्षण ठीक नाही. सगळ्या मापांत मला हे माप सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. आकडा नाही, सरासरी नाही, फोटो नाही. नुसतं, 'बाबांनो, जपा'.

आत्याने त्याच पावसाळ्यात सुपारीची नवी रोपं लावली. सुपारी लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तिची ती लावणी मेहुण्यांना फार लागली. ते स्वतः जाऊन खड्डे मोजून आले, प्रत्येक रोपामधलं अंतर टेपने तपासून आले. रोपं अंगाला लागली, आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत.

मध्यंतरी कोणीतरी पाहुणा तिच्या ओटीवर बसून विचारत होता, निसर्गचं वादळ तसं मोठं होतं की लहान? आत्या सुपारी कातरत होती. अडकित्ता न थांबवता म्हणाली, "सात वर्षांचं होतं."

मेहुणे शेजारीच होते. त्यांनी खिशातून वही काढली आणि काही न विचारता तो आकडा लिहून घेतला.